वाद्यवृंदाला माइक नको, हवा सांभाळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिथुआनिया, पोलंड आणि जर्मनी या तीन देशांचे संगीत घेऊन एक वाद्यवृंद व्हायोलिनवादकासह पणजीत येत असल्याची बातमी आपण चार ओळींत दिली. त्यांतली एक ओळ तर अत्याधुनिक ध्वनिव्यवस्थेलाच गेली. आयोजकांनी ती मोठ्या हौसेने कळवली असणार. पण साठ वादकांपुढे माइक उभे करणे म्हणजे समईच्या शेजारी हॅलोजन लावणे. या मैफलीला लागणारी ध्वनिव्यवस्था म्हणजे लाकूड, भिंती, खुर्च्या आणि हवा. अजून दिवस हातात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हायोलिनचा आवाज तो केवढा, साठ जणांपुढे तो ऐकू कसा येणार, ही शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर संगीतकाराने आधीच कागदावर दिलेले असते. कार्यक्रमात पोलिश संगीतकार व्हिएन्याव्स्कीचा दुसरा कन्सर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, आहे. त्यात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून यांच्या जोड्या, दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन ही फुंकवाद्ये, टिंपनी म्हणजे नगारे आणि तंतुवाद्यांचा सगळा ताफा आहे. मात्र एकल व्हायोलिन बोलू लागले की हा ताफा आवरतो. ट्रॉम्बोन गप्प बसतात, तंतुवाद्ये बोटांनी हलकेच तारा छेडतात किंवा लांब स्वर धरून ठेवतात. शिवाय एकल वादक कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा राहतो तो मानासाठी नव्हे. तिथून व्हायोलिनच्या पोटावरच्या दोन लांबट फटी सरळ श्रोत्यांकडे तोंड करतात. उजव्या हाताला उभा केला तर तोच आवाज मागच्या पडद्यात जातो.

आता याच वादकाच्या कॉलरला किंवा समोर माइक लावला की काय होते? गजाची खरखर, बोट सरकल्याचा आवाज, नाकाचा श्वास, सगळे मोठे होऊन येते. डोळ्यांना वादक डावीकडे दिसतो आणि कानांना तो उजव्या खांबावरच्या पेटीत सापडतो. कंडक्टर हाताने जो तोल सांभाळत असतो, तो मागच्या टेबलावर बसलेला माणूस बटनांनी मोडतो. कोंकणी तिआत्राला, नाटकाला माइक लागतो, कारण तिथे शब्द पोहोचवायचे असतात. इथे निवेदनापुरता एक माइक ठेवावा आणि निवेदन संपले की तो नुसता बंद न करता मंचावरूनच उचलावा.

आपल्याकडची बहुतेक सभागृहे नाटकासाठी बांधलेली आहेत, आणि खरी अडचण इथेच आहे. नाटकाच्या घरात आवाज विरायला सुमारे एक सेकंद पुरतो, म्हणजे शब्द स्वच्छ कळतो. वाद्यवृंदाला त्याच्या जवळजवळ दुप्पट, १.८ ते २.२ सेकंद लागतात. नाट्यगृहाच्या मंचावर विंगा, झालरी आणि मागचा काळा पडदा असतो आणि वर दृश्ये ओढून घ्यायला उंच पोकळी असते. वाद्यवृंदाचा बराचसा आवाज त्या कापडात आणि पोकळीत जिरतो. मग श्रोते म्हणतात, वादक मोठे होते पण मजा नाही आली.

यावर उपाय आहे आणि तो कोणत्याही सुताराला जमतो. मागचा पडदा आणि विंगा वर ओढाव्यात. वादकांच्या मागे १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड चौकटीवर ठोकून उभे करावे. ४० फुटांच्या रुंदीला आठ बाय चारचे दहा तक्ते उभे लागतात. त्यावर दुसरा थर घेता आला, म्हणजे वीस तक्ते, तर उत्तमच. दोन्ही बाजूंचे तक्ते सरळ न ठेवता श्रोत्यांकडे थोडे उघडते ठेवावेत. पैसे वाचवायला सहा मिलिमीटरचे प्लाय आणू नये. ते स्वतःच थरथरते आणि डबल बास या सर्वांत मोठ्या तंतुवाद्याचा खर्ज गिळून टाकते. वर छताजवळ दोन-चार तक्ते तिरपे टांगता आले तर फारच बरे, पण ते काम मंचाच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. डोक्यावर टांगलेली वस्तू हौसेवर सोडू नये.

आणि लाल गालिचा? तो अजिबात नको. पाहुणे येणार म्हटले की आपण मंचभर गालिचा अंथरतो, कडेने कुंड्या मांडतो, मागे प्रायोजकांच्या नावांचा फ्लेक्स ताणतो. चेलो आणि डबल बास यांचा आवाज लाकडी फळ्यांतूनही घुमतो. गालिचा त्याच्या तोंडावर उशी ठेवतो. चेलोचा खालचा टोकदार खुंट गुळगुळीत फरशीवर घसरतो, तेवढ्यापुरता हातभर गालिच्याचा तुकडा प्रत्येक चेलोखाली द्यावा. फ्लेक्स बाहेर व्हरांड्यात लावावा. फोटो तिथेही येतात.

मग एखाद्या जुन्या चर्चमध्ये का करू नये, असे काही जण सुचवतील. कोरल गायनाला, ऑर्गनला, चार-पाच वाद्यांच्या संथ संगीताला तशी जागा देखणी आणि सुरेलही. पण व्हिएन्याव्स्कीच्या शेवटच्या भागात जिप्सी ढंगाची दौड आहे. तिथे व्हायोलिनमधून सेकंदाला नऊ-दहा स्वर निघतात. जिथे एक स्वर विरायला चार सेकंद लागतात तिथे चाळीस स्वर एकावर एक चढतात आणि हाती नुसता गलका लागतो.

आता हवा. गोव्यात अशी मैफल बिघडते ती बहुधा हवेने, आणि नेमके तिथेच कोणाचे लक्ष नसते. पावसात घुमट या मातीच्या वाद्याचे कातडे सैल पडते हे आरतीला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. व्हायोलिनचे तसेच होते, फक्त ते लाकडातून होते. त्याचे पोट स्प्रूसचे आणि पाठ मेपलची असते. ही लाकडे ओल पिऊन रुंदीला फुगतात, लांबीला फारशी नाही. पोट फुगून वर आले की त्यावरची घोडी वर उचलली जाते आणि तारा बोटांखालच्या पट्टीपासून उंच होतात. रोजच्या सवयीने पडणारे बोट मग किंचित चुकते. खुंट्या फुगून भोकांत अडकतात. हेच वाद्य एकदम कोरड्या वातानुकूलित हवेत नेले की खुंट्या आक्रसून सुटतात आणि एखादी तार खटकन उतरते. त्याहून वाईट म्हणजे पोट आणि बाजूची पट्टी यांचा जोड उकलतो आणि एका ठरावीक स्वराला वाद्य करकरते. हा जोड जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाने मुद्दामच बेताचा चिकटवलेला असतो. ताण आला तर लाकूड चिरण्याऐवजी जोड सुटावा, अशी ती योजना आहे. म्हणून जोड उकलला तर घाबरू नये, पण मदतीच्या भरात त्यात फेव्हिकॉलही भरू नये. सरस आणि शिकंजे बाळगणारा कारागीर त्या दिवशी फोनवर हजर असला की पुरे.

गजाचे दुखणे वेगळे. त्यावर दीडशे ते दोनशे घोड्याचे केस ताणलेले असतात. दमट हवेत ते लांबतात, स्क्रू कितीही पिळला तरी गज ढिला राहतो. अशा हवेत कसून ताणलेला गज थंड कोरड्या सभागृहात नेला तर केस आखडतात आणि काठी वाकायची वेळ येते. म्हणून वादक वाजवून झाल्याबरोबर गज सैल करतात. ते पाहून कोणाला वाटू नये की पाहुणे गाशा गुंडाळताहेत.

फुंकवाद्यांचे गणित सरळ आहे. हवा एक अंशाने थंड झाली की त्यांचा सूर सुमारे तीन सेंट उतरतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. विंगेमागच्या ३२ अंशांत सूर मिळवून २२ अंशांच्या मंचावर आले तर तीस सेंट होतात. आपली प्रमाणश्रुती, म्हणजे सर्वांत लहान श्रुती, बावीस सेंटांची, म्हणजे हा फरक श्रुतीहून मोठा झाला. फुंकरीने वाद्य आतून तापत राहते म्हणून प्रत्यक्षात तो कमी पडतो, तरी कानाला बोचण्याइतका उरतो. तारा मात्र उलट्या वागतात. त्या उष्णतेने सैलावून उतरतात आणि गारव्याने चढतात. दोन्ही फौजा विरुद्ध दिशांना निघाल्यावर कंडक्टर काय करणार?

म्हणून तापमान २२ ते २४ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के यांत ठेवावी. आर्द्रता मोजायचे यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते मंचावर वादकांच्या उंचीला ठेवावे, दाराशी नको. वातानुकूलन आदल्या संध्याकाळीच सुरू करून मैफल संपेपर्यंत चालू ठेवावे. पडदा उघडायच्या अर्धा तास आधी बटन दाबले तर हवा गार होते पण लाकूड त्या हवेला सरावत नाही, त्याला निदान काही तास लागतात. मध्यंतरात वीज वाचवायला यंत्र बंद करणे आणि सगळी दारे सताड उघडणे हे दोन्ही टाळावे. पाऊस नुकताच सरलेला असताना बाहेरची आर्द्रता रात्री ऐंशीच्या वर असते, ती पंधरा मिनिटांत आत शिरते. वाद्ये हॉटेलच्या गार खोलीतून आणली असतील तर पेट्या आल्या आल्या उघडू नयेत. गार खोलीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर बाष्प धरते तसे ते वॉर्निशवर आणि फ्लूटच्या चाव्यांवर धरते. पेटी अर्धा तास तशीच बंद राहू द्यावी. बसमधून वाद्ये उतरवताना ती उन्हात रांगेने मांडून ठेवण्याचा प्रकार तर होऊच नये. आणि मंचावर उभे पंखे नकोत. एक पान उडाले की चौथ्या रांगेतले ओबो हरवले. कपडे वाळत घालायचे चिमटे पन्नास-साठ जवळ ठेवावेत.

खुर्च्यांचा विषय क्षुल्लक वाटेल, पण मंडपवाल्याच्या हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून व्हायोलिन वाजवता येत नाही. गज खालच्या टोकाला नेताना कोपर खुर्चीच्या हाताला आपटते. चेलोवाल्याला तर गुडघेच बाहेर काढता येत नाहीत. बिनहातांच्या, सपाट बैठकीच्या आणि न करकरणाऱ्या खुर्च्या हव्यात. हिशेब असा : पहिली व्हायोलिने १२, दुसरी १०, व्हायोला ८, चेलो ६, डबल बास ४, अशी तंतुवाद्ये चाळीस. फुंकवाद्ये सतरा, टिंपनी एक. डबल बासवाले आणि टिंपनीवाला उंच स्टुलांवर बसतात. म्हणजे खुर्च्या ५३ आणि स्टूल ५. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड चालतो, बाकीच्यांना आणि कंडक्टरला स्वतंत्र लागतो, असे ३९ स्टँड होतात. वाद्यवृंद दोन-चार जणांनी लहान-मोठा असेल तर त्याप्रमाणे बदल करावा. माणशी सरासरी पावणेदोन चौरस मीटर धरले तर मंच बारा बाय नऊ मीटरचा लागतो. त्याहून लहान असेल तर वादकांना आधी कळवावे, म्हणजे ते येतानाच माणसे कमी करतील. ऐनवेळी मागची रांग विंगेत बसवली की हॉर्न कुणालाच दिसत नाहीत आणि सगळ्यांनाच ऐकू येतात.

स्टँडवरचा प्रकाश वरून आणि थोडा मागून यावा. समोरून डोळ्यांत मारलेले रंगीत दिवे नाचाला ठीक. इथे प्रत्येकाला टाचणीएवढे स्वर वाचायचे असतात आणि नजरेच्या कडेने कंडक्टरची काठीही पाहायची असते.

दीपप्रज्वलन आणि भाषणे वादक मंचावर येण्यापूर्वी उरकावीत. ओबोने सूर दिला, आधी फुंकवाद्यांनी आणि मग तारांनी तो मिळवला, की त्यानंतर काठीच उठली पाहिजे. मिळवलेली वाद्ये दिव्यांखाली वीस मिनिटे तिष्ठत ठेवून मान्यवरांचा परिचय वाचला तर सूर उतरतात आणि एकल वादकाची तापवलेली बोटे गार पडतात. पुष्पगुच्छ जरूर द्यावा, पण वादकाच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्यात गज असतो हे लक्षात ठेवून, आणि सेलोफेनच्या कागदाशिवाय. त्या कागदाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. जाता जाता मान्यवरांच्या कानात सांगायची गोष्ट : पहिल्या दोन रांगा या मैफलीला सर्वांत वाईट. तिथे फक्त पुढची व्हायोलिने ऐकू येतात, मागच्या वाद्यांचा आवाज डोक्यावरून जातो. मधल्या रांगा धराव्यात.

राहिला कार्यक्रम. बातमीत त्याला नुसते ‘पाश्चात्त्य संगीत’ म्हटले आहे. आपल्याकडे गायकाच्या मैफलीची बातमी कोणी ‘पौर्वात्य संगीत’ म्हणून छापत नाही. तीन रचना आहेत आणि त्यांची सांगड उगाच घातलेली नाही.

पहिली ‘मिश्के’, म्हणजे ‘अरण्यात’. ती चुर्ल्योनिस (१८७५–१९११) याने १९००–१९०१ मध्ये रचली. हा लिथुआनियाचा पहिला मोठा संगीतकार, आणि चित्रकारही. आपल्या चित्रमालिकांना तो ‘सोनाटा’ अशी संगीतरचनांची नावे द्यायचा. वडील ऑर्गनवादक होते. चर्चच्या शाळेत मेस्तकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फ (स्वरवाचन) आणि रेबेक (व्हायोलिन) शिकलेल्या गोव्यातल्या घरांना हे वळण ओळखीचे वाटेल. पण त्याच्या घरची बोली पोलिश होती, पत्रे तो पोलिशमध्ये लिही. लिथुआनियन भाषा तो मोठेपणी, सोफिया या आपल्या भावी पत्नीकडून शिकला. त्या काळी रशियाच्या साम्राज्यात लॅटिन लिपीतले लिथुआनियन पुस्तक छापायलाच बंदी होती, १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे. पुस्तके जर्मनीच्या हद्दीत छापून चोरवाटेने आत आणली जात. भाषा आणि लिपी यांवरून आपल्याकडे जे रण माजते ते पाहता गोव्याच्या श्रोत्याला एवढे सांगायला हवेच.

त्याचे शिक्षण वॉर्सा आणि लाइपझिग इथे झाले, म्हणजे पोलंड आणि जर्मनी याच एका माणसाच्या वहीत एकत्र येतात. लाइपझिगचे ते संगीत विद्यालय १८४३ साली जर्मन संगीतकार मेंडेल्सनने स्थापले, आणि मैफलीची अखेर मेंडेल्सननेच होते. मधला व्हिएन्याव्स्की १८३५ साली लुब्लिनमध्ये जन्मला. पोलंड आणि लिथुआनिया यांना एका राज्यात बांधणारा १५६९ चा करार याच गावी झाला होता.

व्हिएन्याव्स्की आठव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि अकराव्या वर्षी तिथले पहिले बक्षीस घेऊन बाहेर पडला. हा कन्सर्टो १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने स्वतः वाजवला, काठी आंतोन रुबिनस्टाइनच्या हाती होती. तीन भाग, सुमारे बावीस ते पंचवीस मिनिटे. पहिला भाग नेहमीप्रमाणे दणक्यात संपत नाही. तो विझत जातो आणि एक क्लॅरिनेट श्रोत्याला हाताला धरून दुसऱ्या भागात, ‘रोमान्स’मध्ये नेते. नेमक्या त्या क्लॅरिनेटवर टाळ्या पडतात, कारण व्हायोलिन थांबलेले असते आणि श्रोत्यांना वाटते संपले. रोमान्सची चाल बारा-आठची आहे, दादऱ्याची दोन आवर्तने एकत्र मोजल्यासारखी. तिथे गज किती संथ ओढता येतो याची परीक्षा असते, आणि दमट हवेत ढिला पडलेला गज नापास होतो तो तिथेच. एरवी वेगवान तुकड्यांत बरेच काही झाकून जाते.

मध्यंतरानंतर मेंडेल्सनची तिसरी सिंफनी, ‘स्कॉटिश’. स्कॉटलंडमधल्या एका पडक्या चॅपेलात १८२९ साली तिची सुरुवात सुचली, आणि ती पूर्ण होऊन लाइपझिगला वाजली १८४२ मध्ये. लांबी चाळीस मिनिटांच्या आसपास. हिच्या दुसऱ्या भागात क्लॅरिनेट जी धून उचलते ती जवळजवळ पाच सुरांची आहे. भूप ऐकलेल्या कानाला ती पहिल्या फेरीतच आपली वाटेल. इथे ट्रॉम्बोन नाहीत पण हॉर्न चार आहेत. व्हिएन्याव्स्कीला तीन ट्रॉम्बोन आणि दोन हॉर्न लागत होते. म्हणून मध्यंतरात मंचावरच्या खुर्च्या हलतील. त्या वेळी स्वयंसेवकांनी मंचावर चढून मदत करू नये, वाद्यवृंदाची स्वतःची माणसे असतात.

उशिरा येणाऱ्यांना ‘मिश्के’ संपल्यावरच आत घ्यावे. रचना पंधरा-वीस मिनिटांची आहे, दाराबाहेर बाकडी ठेवावीत. कन्सर्टोच्या भागांमधल्या फटींत कोणालाही सोडू नये. सिंफनीत तर फटच नाही. तिच्या स्वरलिपीच्या आरंभी मेंडेल्सनने स्वतः लिहून ठेवले आहे की चारही भाग न थांबता एकापाठोपाठ वाजवावेत, आणि श्रोत्यांसाठी त्या भागांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापता येतील. तेव्हा पत्रिकेत मराठी-कोंकणीत तिन्ही रचना, त्यांचे भाग आणि मिनिटे छापावीत. त्याखाली एक ओळ द्यावी : कंडक्टरने हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे. जागा कमी पडली तर प्रायोजकांच्या बोधचिन्हांची एक रांग कमी करता येईल.

आपला,
एक श्रोता, फोंडा